वीस लेख, शब्दाला साठ पैसे: वेबसाइटसाठी लेख लिहून घेतल्याचा अनुभव

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान भुलेश्वरला आहे, तांबाकाट्यापासून चालत पाच मिनिटांवर. दुकान सासऱ्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. सासरे, म्हणजे नाना, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून रोज सकाळी दहाला गल्ल्यावर येऊन बसतात. मी अकरा वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. छापखाना बंद झाल्यापासून दुकानातच असते.

गेल्या वर्षी आम्ही दुकानाची वेबसाइट केली. मुलगा म्हणाला, नुसते फोटो आणि भाव टाकून कुणी फिरकत नाही, लोकांना वाचायला काहीतरी हवं, आणि तेही मराठीत. मला लिहायला वेळ नव्हता. मग अंधेरीच्या एका कंपनीकडून वीस लेख लिहून घेतले. त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे, कारण माझ्यासारखे छोटे दुकानदार, क्लासवाले, कोकणात खोल्या भाड्यानं देणारे असे पुष्कळ जण हल्ली ही सेवा घेतात आणि काय विकत घेतोय हे घेताना कळत नाही. कंपनीचं नाव देत नाही. मी चार कंपन्यांची दरपत्रकं मागवली होती, त्या चारही दरपत्रकांत हाच माल वेगवेगळ्या नावांनी होता.

आधी चांगलं ते सांगते. प्रत्येकी आठशे शब्दांचे वीस लेख, शब्दाला साठ पैसे, एकूण नऊ हजार सहाशे रुपये. अर्धे आगाऊ, अर्धे काम झाल्यावर. सोळा दिवसांत देतो म्हणाले आणि पंधराव्या दिवशी दिले. शुद्धलेखन बरं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एका लेखात सरासरी सहा-सात, त्या मी एका बैठकीत काढल्या. बोलायला सगळे अदबशीर. प्रत्येक लेखासोबत एक अहवाल आला, त्यावर हिरव्या अक्षरांत ‘१०० टक्के युनिक’. दरपत्रकात शब्दाला दोन रुपयांचा आणखी एक प्रकार होता, त्याचं नाव ‘ओरिजिनल रिसर्च’. मी विचारलं, मग या साठ पैशांवाल्यात काय असतं? उत्तर आलं, ‘तेही युनिकच असतं मॅडम, फक्त रिसर्च आधी झालेला असतो.’ रिसर्च कुणी केलेला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

लेख साइटवर चढले आणि मी कामाला लागले. तीन आठवड्यांनी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून कल्हईवरचा, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा (टिनचा) थर देण्यावरचा, लेख पुन्हा वाचायला घेतला आणि एका वाक्यावर अडले. वाक्य असं होतं: ‘कल्हई करणाऱ्या अनेक कारागिरांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचे डाग आढळतात.’

डाव्याच का? बाकी सगळा लेख वरवरचा होता. कल्हईचं महत्त्व, कल्हईचे फायदे, कल्हईची परंपरा. त्यात हे एकच वाक्य कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मुद्रितं तपासताना हे कळायला लागतं. मजकुरात मध्येच एखादी ओळ दुसऱ्या माणसाच्या आवाजात बोलते.

मी मनगट, भट्टी, कल्हई, डाग असे चार शब्द टाकून शोधलं. मूळ लेख दुसऱ्या पानावर सापडला. एका छोट्या मंडळाच्या दिवाळी अंकातला, नंतर नेटवर चढवलेला. लिहिणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांचे वडील कल्हईवाले. गिरगावच्या वाड्यांमधून आणि लालबागच्या चाळींमधून फिरायचे. बाईंनी लिहिलं होतं की वडील डाव्या हातात सांडशीनं भांडं धरून भट्टीवर फिरवायचे आणि उजव्या हातातल्या कापसाच्या बोळ्यानं आत कथील पसरायचे. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की ती तडतडायची आणि उडालेले कण सांडशीवरच्या हातावर पडायचे. म्हणून डाग डाव्या मनगटावर. लहानपणी त्या वडिलांच्या डागांवर बोट ठेवून मोजायच्या.

त्या ‘मोजायच्या’चं आमच्या लेखात ‘आढळतात’ झालं होतं.

मी दोन्ही लेख छापून घेतले, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि लाल पेन घेऊन बसले. अकरा वर्षं हेच केलं होतं, तरी असं काही तपासायची वेळ कधी आली नव्हती. बाईंच्या लेखात तेवीस परिच्छेद, आमच्याही लेखात तेवीस, त्याच क्रमानं. सुरुवात आरोळीनं, मग भट्टीसाठी खड्डा, मग भाता, मग भांडं घासणं, नवसागर, कथील, पाण्यात बुडवणं, मजुरी, आणि शेवटी चाळीत स्टील आलं तो काळ. शब्द मात्र जवळजवळ सगळे बदललेले. ‘भांड्यात’चं ‘पातेल्यामध्ये’, ‘वडील’चं ‘कारागीर’, ‘आमच्याकडे’चं ‘घराघरांत’. तपासणारं सॉफ्टवेअर सलग शब्दांची साखळी जुळते का ते बघतं. मराठीत एक प्रत्यय बदलला तरी साखळी तुटते. म्हणून अहवाल हिरवा.

बदलताना जे बिघडलं ते जास्त गंभीर आहे. बाईंनी लिहिलं होतं, ‘कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं.’ आमच्या लेखात झालं, ‘कल्हई नसलेल्या भांड्यात ताक आंबट होते.’ ज्याच्या घरात कधी पितळेचं भांडं नव्हतं त्याला ‘कळकणं’ माहीत नसणार, हे मी समजू शकते. पण कळकणं म्हणजे आंबणं नव्हे. आंबट पदार्थ तांब्याशी, पितळेशी लागला की धातू त्यात उतरतो, चव उलटते, हिरवट झाक येते, आणि ते पोटात गेलं तर मळमळ, उलट्या सुरू होतात. तो शब्द म्हणजे धोक्याची सूचना होती. ताक आंबट होतं एवढंच वाचून एखादी सून म्हणेल, होऊ दे, कढी करू.

दुसरं नवसागर. आमच्या लेखात त्याच्या जागी ‘समुद्री मीठ’ होतं. नावात सागर दिसला आणि कुणीतरी अर्थ लावला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या भांड्यावर तो टाकला की पांढरा धूर उठतो, नाक चुरचुरतं, धातूवरचा काळा थर निघतो आणि मग कथील धरतं. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे सगळा खेळ काही क्षणांचा असतो. मिठानं यातलं काहीच होत नाही. आमच्या घराण्याचा धंदा भांड्यांचा, दुकानाचं नाव वर मोठ्या अक्षरात, आणि खाली आम्ही लोकांना मीठ टाकून कल्हई करायला सांगत होतो. नानांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे आजच्या आज काढ.’

मी लेख काढला आणि कंपनीत फोन केला. मॅनेजर तिशीचा असेल, आवाज शांत. म्हणाला, ‘मॅडम, माहितीवर कॉपीराइट नसतो. कल्हई कशी करतात हे कुणाच्या मालकीचं आहे का?’

त्याचं म्हणणं चूक नाही, आणि म्हणूनच मला त्यावर नीट विचार करावा लागला. कल्हईची कृती कुणाची नाही. नवसागर आधी, कथील नंतर, हे शेकडो वर्षं लोक करत आले आहेत. माहिती सगळ्यांची आहे आणि ती तशीच राहायला हवी, नाहीतर कुणालाच काही लिहिता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल या बाबतीत नेहमी सांगितला जातो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा यांच्यातला तो वाद. कल्पना, विषय, घडून गेलेल्या गोष्टी यांवर कुणाचा हक्क नाही, हक्क असतो तो त्या कशा मांडल्या यावर, असं न्यायालयानं म्हटलं, आणि नाटककार खटला हरला. पण त्याच निकालात नक्कल ओळखायची कसोटीही आहे. दोन्ही कृती वाचलेल्या किंवा पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कलच आहे असं निःसंशय वाटतं का?

ही कसोटी मी घरीच लावून पाहिली. नानांना दोन्ही छापील लेख दिले, कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. भिंग घेऊन त्यांनी अर्धा तास वाचलं आणि विचारलं, ‘एकाच बाईनं दोनदा लिहिलंय का? दुसऱ्यांदा कंटाळून लिहिलेलं दिसतंय.’

मॅनेजरला हे सांगितलं तर तो म्हणाला, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आमचं तर शून्य आहे. हा दहाचा आकडा कुठून आला ते मी नंतर शोधलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले, त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ते नियम उच्च शिक्षण संस्थांतल्या प्रबंध-निबंधांसाठी आहेत. भांड्यांच्या दुकानाच्या लेखाला त्याची ढाल कशी होईल? कॉपीराइटचा आपला कायदा १९५७ चा, त्यात असा कुठलाही टक्का नाही. उलट कलम १४ प्रमाणे रूपांतर करण्याचा हक्कही कॉपीराइटच्या मालकाकडेच असतो, म्हणजे सहसा मूळ लेखकाकडे. आणि कलम ५७ मला सगळ्यात जवळचं वाटलं. लेखकानं हक्क विकून टाकले तरी ते लेखन आपलं आहे असं सांगण्याचा, आणि त्याची नाचक्की होईल अशी मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. समुद्री मीठ वाचलं की मला ते कलम आठवतं.

कंपनीनं भरपाई म्हणून काय देऊ केलं? ‘तोच लेख आम्ही अजून एकदा रीराइट करून देतो, मोफत.’ म्हणजे वडिलांच्या मनगटावरचा तो डाग आणखी एका थराखाली गेला असता.

मी लिहिणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं म्हटलं. बरीच टाळाटाळ झाल्यावर एका मुलीनं फोन केला. वय बावीस, राहायला विरारला, बी. ए. मराठी. तिला शब्दाला बारा पैसे मिळतात. दिवसाला आठ लेख. म्हणजे सहा हजार चारशे शब्द, सातशे अडुसष्ट रुपये. तिला लिंक येते, सोबत सूचना येते: क्रम ठेवा, शब्द बदला, ‘मी’ काढा. ‘मी’ काढा ही सूचना ऐकून मी खुर्चीत ताठ बसले. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘ताई, मला नवसागर माहीत नव्हता. शोधायला वेळच नसतो.’ मी तिला रागावू शकले नाही. तासाला लेख पाडायचा म्हटल्यावर मूळ लेख समजून घेणं जमणारच नाही, शब्द फिरवणंच जमेल. साठ पैशांतले अठ्ठेचाळीस जिथे जातात, प्रश्न तिथे विचारायला हवा. आणि थोडा मलाही, कारण दोन रुपयांचं काम साठ पैशांत होतंय म्हणून मी खूश झाले होते.

मग मी उरलेले एकोणीस लेख तपासले. दोन आठवडे गेले, रोज दुकान बंद झाल्यावर. अकरा लेखांचे मूळ लेख सापडले. त्यातले तीन एकाच गृहस्थांचे, तिन्ही पितळेच्या देवघरातल्या उपकरण्यांबद्दल. चार लेख इतके सर्वसाधारण होते की कुणाचे म्हणायचे तेच कळेना, त्यांत नवीन काही नव्हतं आणि चूकही नव्हती. उरलेल्या चारांचं मूळ मिळालं नाही, पण म्हणून ते स्वच्छ आहेत असं मी म्हणणार नाही.

या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगायलाच हवी. फिरवून लिहिलेल्या मजकुरात दावा वाढत जातो. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दलच्या एका मूळ लेखात होतं, ‘आजी म्हणायची, या पाण्यानं पोट साफ राहतं.’ आमच्या लेखात आजी गेली, कारण ‘मी’ काढायचा म्हणजे आजीही काढायची, आणि राहिलं काय, तर ‘या पाण्याने पचनसंस्थेचे विकार बरे होतात.’ आजीचं मत असतं तोवर वाचणारा ते आजीचं मत म्हणून घेतो. आजी काढली की उरतं ते औषध. आम्ही भांडी विकणारे. आमच्या साइटवर असं वाक्य म्हणजे सरळ सरळ गिऱ्हाइकाला फसवणं.

मुलाला वाटत होतं की एवढं केलं तरी गूगलवर साइट वर येईल. तेही खरं नाही. दुसऱ्याचा मजकूर घेऊन समानार्थी शब्द घालून पुन्हा टाकणं हा गूगलच्या नियमावलीत स्पॅमचा प्रकार म्हणून लिहिलेला आहे, आणि मार्च २०२४ मध्ये ढिगानं पाडलेल्या मजकुराविरुद्धचे नियम त्यांनी आणखी कडक केले. म्हणजे धंद्याच्या हिशेबानंही हा माल घेण्यात अर्थ नाही. पण गूगलनं उद्या हे चालवून घेतलं तरी मी घेणार नाही.

शिक्षिका बाईंचा पत्ता मंडळाकडून मिळाला. फोन करायला मी दोन दिवस लावले. काय सांगणार, तुमचा लेख आम्ही विकत घेतला, पण तुमच्याकडून नाही? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, ‘कुठून बोलताय तुम्ही? भुलेश्वर? अण्णा कथील तिथूनच आणायचे.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘त्या डागांचं मी घरात कधी कुणाला बोलले नव्हते. लिहिताना पहिल्यांदा आठवलं.’

मी पैशांचं विचारलं. त्यांना नको होते. मी म्हटलं, ‘बाई, कंपनीला दिले तेव्हा मी विचार केला नाही, तुम्हाला देताना तरी नको म्हणू नका.’ शेवटी शब्दाला दोन रुपये या दरानं ठरलं. एक हजार पाचशे शब्द, तीन हजार रुपये. त्यांची अट एकच होती, लेख जसा आहे तसा, त्यांच्या नावानं, आणि वर त्यांच्या अण्णांचं नाव. तो आता तसाच आमच्या साइटवर आहे. ‘कळकतं’ हा शब्द तसाच ठेवलाय. खाली नानांनी सांगितलेली दोन ओळींची टीप जोडली, भांड्याची कल्हई गेली हे कसं ओळखायचं त्याची, आणि ती टीप नानांची आहे हे लिहिलं. पूर्वी त्या जागी जो लेख होता तो चुकीचा होता आणि मूळ लेखिकेला न विचारता घेतलेला होता, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहिलंय. मुलगा म्हणाला, दुकानाचं नाव खराब होईल. नाना म्हणाले, ‘राहू दे.’

बाकीचे सगळे लेख काढून टाकले. आता महिन्याला एक लेख मी स्वतः लिहिते. नाना सांगतात, मी टिपून घेते. घंगाळ, बंब, सट, वेळणी, तपेली, एकेका भांड्याला त्यांच्याकडे एकेक गोष्ट आहे. वाचून घेतलेली माहिती असेल तर कुठून घेतली ते लिहिते. त्यानं लेखाची किंमत कमी होते असं मला एकदाही वाटलं नाही.

आता सेवेचं मूल्यमापन. वेळ पाळणं, बोलणं, शुद्धलेखन यांना चांगले गुण. मजकुराला शून्य, आणि हे मी रागात लिहीत नाही, दोन महिने विचार करून लिहिते. तुम्हाला अशी सेवा घ्यायचीच असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी विचारा: लेख कशावरून लिहिणार, त्या लिंका मला देणार का? लिहिणाऱ्याला शब्दाला किती मिळतात? चूक निघाली तर लेख दुरुस्त कोण करणार, ज्याला विषय कळतो तो, की ज्यानं शब्द फिरवले तो? मूळ लेखकाचं नाव द्यायला तयार आहात का? माझ्या कंपनीला मी नंतर विचारलं तेव्हा पहिल्याच प्रश्नाला ‘ही आमची अंतर्गत पद्धत आहे’ असं उत्तर आलं. आधी विचारलं असतं तर तिथेच थांबले असते. आपल्या नावाखाली छापतो तेव्हा ते आपणच बोललेलं असतं.

पैसे परत मागितले. दोन हजार चारशे मिळाले, बाकीचे ‘काम पूर्ण झालं आहे’ म्हणून नाही. विरारच्या मुलीला मी दुकानात बोलावलं होतं, कल्हई प्रत्यक्ष बघायला. आमच्याकडे अजून एक कल्हईवाले महिन्यातून दोनदा येतात, मागच्या गल्लीत भट्टी लावतात. ती आली, धुरानं डोळे चोळत उभी राहिली, आणि भांड्यात कथील चमकून पसरलं तेव्हा तोंडावर हात ठेवला. तिनं अजून ती नोकरी सोडलेली नाही. सोड असं मी तिला कशाच्या जोरावर सांगू? मात्र नानांचा घंगाळावरचा पुढचा लेख तिला लिहायला दिलाय, दोन रुपयांनी, तिच्या नावानं.

गेल्या आठवड्यात तोच कल्हईचा लेख, तेच तेवीस परिच्छेद, उपनगरातल्या दुसऱ्या एका दुकानाच्या साइटवर दिसला. शब्द पुन्हा बदललेले. डावं मनगट गेलंय, नुसतं ‘हातावर’ राहिलंय. समुद्री मीठ आहे. मी त्या दुकानदाराला बाईंच्या लेखाची लिंक आणि नवसागराच्या जागी काय झालंय ते लिहून पाठवलं आहे. उत्तराची वाट बघतेय. सोमवारपर्यंत आलं नाही तर स्वतः जाऊन भेटणार आहे.